बाईसाहेबांचं कोपर

मंदी आली तेव्हा रफूवाल्याला आधी बरंच वाटलं होतं. हे तो कुणापाशी बोलला नाही, कारण ते चेहरा पाडून बसायचे दिवस होते. पण मनातल्या मनात त्याने सगळं सरळ मांडलं होतं. लोकांना नवे कपडे परवडणार नाहीत, म्हणजे जुने फाटणार, म्हणजे सगळं शहर आपल्या दारात. त्याने सुया तेल लावून ठेवल्या, रफू करताना कपड्याखाली धरायचा लाकडी गोळा घासून लख्ख केला आणि दुकानाच्या काचेवरची पाटी पुसली. पाटीवर एवढंच लिहिलेलं होतं: ‘केलेलं काम दिसणार नाही.’ मग तो वाट बघत बसला.

कुणी आलं नाही. का, ते त्याच्या डोक्यात फार उशिरा शिरलं. रफू करायचं ते फाटलेलं लपवायला, आणि लपवायचं ते ज्यांचं फाटलेलं नाही त्यांच्यापासून. आता शहरात न फाटलेला माणूसच उरला नव्हता. बँकेचे साहेब गुडघ्याच्या भोकातून वारा घेत निवांत फिरत होते आणि त्यांना नमस्कार करणाऱ्याच्या काखेतून बनियन दिसत होतं. लाजायला समोर कुणीतरी लागतं, ते मिळेना. समोरच्या न्हाव्याची तर वेगळीच तऱ्हा. लोक त्याच्याकडे अर्धेच केस कापून घेत आणि उरलेले पुढच्या महिन्यात बघू म्हणून उठत. रस्त्यावर डाव्या बाजूने वकील आणि उजव्या बाजूने वनवासी दिसणारी माणसं हिंडत होती.

या सगळ्यात एकाच माणसाचं बरं चाललं होतं, आणि तो रफूवाल्याच्या बायकोचा थोरला भाऊ होता. त्याचं कुलपांचं दुकान. ज्यांच्या घरात चोरण्यासारखं काही राहिलं नव्हतं ते सगळ्यात मोठं कुलूप नेत, निदान बाहेरून तरी तसं वाटू नये म्हणून. मेव्हण्याने एक दिवस येऊन मोठ्या मायेने सांगितलं की भावोजी, गल्ल्याशेजारी एक स्टूल रिकामं आहे, या आणि बसा. गिऱ्हाईक आलं की कुलूप दाखवायचं, उघडतं की नाही ते दाखवायचं, बास. फक्त गिऱ्हाइकांसमोर मला मालक म्हणत जा, बाकी घरी आपण आहोतच. हे तो हसत म्हणाला. रागाने म्हणाला असता तर रफूवाल्याला बरं वाटलं असतं.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट येत होती आणि ती कुणी कधी पाहिली नव्हती. पाहिली असती तर ती नीट झालेली नसती. अशा माणसाची जाहिरात तरी कशी होणार? गिऱ्हाईक कोट घेऊन जायचं आणि चार लोकांत कौतुक करायचं तर बोट कुठे ठेवायचं हे त्यालाच कळायचं नाही.

बायकोने मधला मार्ग काढला. ती म्हणाली, “नव्या बाईसाहेबांचं भाषण होईपर्यंत बघू. तोवर काम आलं तर आलं. नाहीतर पाटी उतरवायची आणि दादाकडे जाऊन बसायचं.”

त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. सगळा देशच त्या भाषणापर्यंत थांबला होता. लोकांनी लग्नं पुढे ढकलली होती, घटस्फोटही पुढे ढकलले होते, आणि न्हाव्याने आपली ठणकती दाढ भाषणापर्यंत तशीच ठेवली होती. दाढेच्या बाबतीत त्याला जरा जास्तच आशा होती, कारण नव्या राष्ट्रप्रमुख बाई मूळच्या दातांच्या डॉक्टर.

आधीचे राष्ट्रप्रमुख अर्थतज्ज्ञ होते. सगळे आलेख बरोबर होते, लोक चुकले, असं सांगून ते गेले. त्यांच्या आधी एक सेनापती होते, त्यांनी मंदीला तीनदा शेवटचा इशारा दिला होता. मग निवडणुकीत या बाई उभ्या राहिल्या. बाकीचे उमेदवार घाबरू नका, काही होणार नाही असं सांगत फिरत होते. या एकट्या म्हणाल्या, “थोडं दुखेल.” लोकांनी सवयीने मान मागे टाकली आणि त्यांना निवडून दिलं. दातांच्या डॉक्टरवर कुणाचा जीव नसतो, पण ‘आ करा’ म्हटलं की ‘आ’ करतात सगळे.

तर त्या बाईसाहेबांचा सचिव एका सकाळी रफूवाल्याच्या दुकानात आला. आला म्हणजे निम्मा आला. दुकान दोन भिंतींच्या फटीत बसवल्यासारखं होतं आणि आत कोट घालून बघायचा तर गिऱ्हाइकाला एक हात रस्त्यावर काढावा लागायचा. सचिव कडेकडेने आत सरकला, त्याची बॅग बाहेर राहिली. बोलताना तो समोरच्याकडे न बघता त्याच्या खांद्यामागे बघायचा, जणू तिथे कॅमेरा आहे.

त्याने काम सांगितलं ते असं. बाईसाहेब घरूनच, बैठकीच्या खोलीतून, देशाशी बोलणार. त्या तुमच्याआमच्यातल्याच आहेत हे लोकांना न सांगता कळलं पाहिजे. म्हणून कोटाच्या कोपरावर ठिगळ हवं. सबंध भाषण त्या ठिगळावरच बेतलंय. अडचण एवढीच की बाईसाहेबांकडे कोपरावर फाटलेला कोट नाही. दातांच्या डॉक्टरचं कोपर जन्मभर हवेत असतं, ते कशावर टेकतच नाही, तर झिजणार कुठून. सचिवाने काखेतल्या पिशवीतून कोट काढला. करडा, जाड विणीचा, कोरा करकरीत.

रफूवाल्याने विचारलं की भोक कुठे आहे. सचिव म्हणाला, तेही तुम्हीच पाडायचं.

हे काम त्याने जन्मात केलं नव्हतं. त्याने कात्री उचलली, बाहीजवळ नेली आणि परत खाली ठेवली. मग सुरी घेतली. मग सचिवाला म्हणाला की कपड्याला निदान एखाद्या खिळ्याला तरी अडकू द्या, धडधाकट कपडा असा मुद्दाम फाडवत नाही. एवढ्यात बायको त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली. भानगड काय ती तिने उंबऱ्यावरूनच ऐकून घेतली, कात्री उचलली, बाहीत बोटं घातली आणि कच्चकन भोक पाडलं. “हे घ्या,” ती म्हणाली आणि डबा ठेवून गेली.

जाता जाता सचिवाने खरं आमिष दाखवलं. भाषणाच्या अगदी शेवटच्या परिच्छेदात बाईसाहेब दुकानाचं नाव घेणार होत्या, पत्त्यासकट. मग सगळा देश ठिगळ लावायला धावेल, तुम्ही फक्त दार उघडं ठेवा. रफूवाल्याला त्या दारात रांग दिसली, आणि रांगेच्या शेवटी टोपी हातात घेऊन उभा असलेला मेव्हणा दिसला. तो लगेच कामाला बसला.

दुसऱ्या दिवशी सचिवाने कोट हातात घेतला, कोपर उजेडाकडे केलं, भिंग लावलं, बाही उलटी केली, मग चुकून दुसरी बाही तर बघत नाही ना म्हणून तीही बघितली. शेवटी विचारलं, “कुठंय?”

रफूवाला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसला. सचिव हसला नाही. त्याने शांतपणे समजावलं की बाईसाहेब टीव्हीवर कोपर वर करणार आहेत आणि तिथे देशाला काहीतरी दिसलं पाहिजे. बायकोला बोलावणं गेलं. तिने येऊन पुन्हा भोक पाडलं, यावेळी जरा मोठं, आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली की आता तरी वाईट कर.

त्याने मनापासून प्रयत्न केला. चष्मा काढून केला, डाव्या हाताने केला, न्हाव्याशी गप्पा मारता मारता केला. जे झालं ते वाईट नव्हतं, नुसतं दिसत होतं. लांबट, गोलसर, कडेने बारीक टीप, फार देखणं. सचिवाने ते पाहून कपाळाला हात लावला. असली देखणी ठिगळं श्रीमंत घोडेस्वार कोटाला हौसेने लावून घेतात; असा कोट घालून बाईसाहेब बोलायला लागल्या तर लोकांना वाटेल या आत्ताच घोड्यावरून उतरल्यात.

“द्या इकडे,” बायको म्हणाली.

बायकोचं शिवणकाम हा त्या घरात न बोलायचा विषय होता. ती बटण लावायची, आणि ती बाजारात गेली की रफूवाला ते काढून पुन्हा लावायचा. ती उशीची शिवण घालायची, आणि दुपारपर्यंत ती शिवण आपोआप सरळ झालेली असायची. तो कधी एक शब्द बोलला नाही. तीही बोलली नाही. पण लग्नाला इतकी वर्षं होऊन आपला एकही टाका या घरात रात्रभर टिकत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं.

तिने स्वयंपाकघराच्या खिडकीचा जुना पडदा काढला, त्यातला एक चौकोन कापला, म्हणजे तिच्या मते चौकोन, आणि कोपरावर ठोकून बसवला. टाके असे पडले, रस्ता ओलांडताना मधेच गाडी आल्यावर माणूस जसा पळतो. एक लांब, दोन आखूड, एक भलतीकडेच.

सचिवाने ते पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं. “यात देश आहे,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून बायको वेगळीच चालायला लागली. जिन्यात भेटेल त्याला ती सांगायची की बाईसाहेबांच्या कोपरावर जे येणार आहे ते आमच्या स्वयंपाकघरातलं आहे. भाषणाच्या संध्याकाळसाठी तिने सगळी इमारत घरी बोलावली. दादालाही बोलावलं. खुर्च्या कमी पडतील म्हणून शेजारणीकडून मागून आणल्या. रफूवाला मान डोलवत राहिला. मात्र डोळे मिटले की त्याला तो एक भलतीकडचा टाका दिसायचा.

भाषणाच्या संध्याकाळी सचिवाचा फोन आला. ठिगळाचा एक कोपरा सुटलाय, ताबडतोब या. बायको म्हणाली की मी येते, माझं काम आहे. पण दारात इमारत जमायला लागली होती आणि सरकारी गाडीत एकाच माणसाची जागा होती. तिने नवऱ्याचा हात धरून बजावलं की फक्त कोपरा. तो म्हणाला, फक्त कोपरा.

बाईसाहेबांच्या घरी त्याला बैठकीच्या शेजारच्या एका छोट्या खोलीत बसवलं. इस्त्रीचं टेबल, एक खुर्ची, भिंतीवर टीव्ही, आणि बैठकीत उघडणारं दार. बाईसाहेब क्षणभर डोकावल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, बाह्या दुमडलेल्या. त्यांनी रफूवाल्याचा नमस्कार घेतला आणि त्याच्या जबड्याकडे बघत विचारलं की उजव्या बाजूने चावत नाही ना तुम्ही. तो म्हणाला, मागच्या वर्षापासून नाही. त्या म्हणाल्या, तरीच, आणि गेल्या.

त्याने कोट मांडीवर घेतला आणि सुटलेला कोपरा एका टाक्यात बसवला. काम संपलं.

पण तो टाका सरळ होता. त्याच्या शेजारचा, बायकोचा, आता फारच केविलवाणा दिसायला लागला. दोघांत काहीतरी सलोखा व्हावा म्हणून त्याने तो उसवून पुन्हा घातला. मग तिसरा एकटा पडला. रफूवाल्याला पक्कं माहीत होतं की आपण काय करतोय. त्याला स्टूल दिसत होतं, गल्ला दिसत होता, मालक म्हणायला लागणारं स्वतःचं तोंड दिसत होतं. मागून आणलेल्या खुर्च्यांवर बसलेली सगळी इमारत आणि मध्ये बसलेली बायकोही दिसत होती. त्याने हाताला थांब म्हणून सांगितलं. हात म्हणाला, एवढा एकच. थोड्या वेळाने पडद्याचा चौकोन सुटून त्याच्या खिशात गेला होता, कोटाच्या आतल्या दुमडीतून काढलेले धागे भोकावर उभे-आडवे विणले जात होते, आणि रफूवाला अगदी हळू आवाजात शीळ घालत होता. ओलं फडकं ठेवून त्याने वरून इस्त्री फिरवली. तेव्हाच सचिव धावत आला, कोट त्याच्या हातातून हिसकला आणि न बघताच बैठकीत घेऊन गेला.

भिंतीवरच्या टीव्हीत बाईसाहेब दिसू लागल्या.

“नागरिकहो,” त्या म्हणाल्या, “मी मोठे शब्द वापरणार नाही. तुम्ही फक्त माझ्या कोपराकडे बघा.”

त्यांनी हात वर केला. कॅमेरा जवळ गेला, आणखी जवळ गेला, पडदा भरून कोपर आलं. चहाच्या टपऱ्यांवर, दवाखान्यांत, तुरुंगात, बंद पडलेल्या कारखान्यांच्या फाटकांशी लोक उभे राहून बघत होते. सगळ्या देशाने कोपराकडे पाहिलं. कोपर होतं.

समोरच्या यंत्रावर पुढची ओळ सरकली आणि बाईसाहेबांनी ती वाचली. “हे ठिगळ मला रोज आठवण करून देतं...” मग त्यांना कॅमेऱ्यामागच्या माणसाचा चेहरा दिसला. त्यांनी हात वळवून स्वतःचं कोपर बघायचा प्रयत्न केला. स्वतःचं कोपर बघणं हे राष्ट्रप्रमुखालाही सोपं नाही. त्या आधी डावीकडून वळल्या, मग उजवीकडून, एक गिरकी झाली. मग त्यांनी सरळ कोट काढला, बाही डोळ्यांसमोर धरली आणि त्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. पडद्याआड सचिव स्वतःचाच टाय धरून भिंतीला टेकला होता.

“काल इथे भोक होतं,” बाईसाहेब म्हणाल्या. “कुणी भरलं?”

सचिवाला वाटलं, आता कुणीतरी अटकेत जाणार, आणि तो आपण नको. त्याने दार उघडून रफूवाल्याला पाठीला हात लावून आत ढकललं. अशा रीतीने कॉलरला सुई टोचलेला आणि ओठावर दोऱ्याचा तुकडा चिकटलेला एक माणूस देशासमोर आला.

बाईसाहेबांनी बाही त्याच्यापुढे धरली. “कुठे होतं, दाखवा.”

तो वाकला. चष्मा वर केला, खाली केला. बोट इथे ठेवलं, मग जरा तिथे ठेवलं. बाही उजेडाकडे नेली. सगळा देश श्वास रोखून बघत होता. शेवटी तो प्रामाणिकपणे म्हणाला, “इथेच कुठेतरी असेल.”

बाईसाहेब त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग नव्हता. एका कारागिराचं दुसऱ्याच्या कामावर मन बसतं, तसं काहीतरी होतं. त्या कॅमेऱ्याकडे वळल्या. पुढची ओळ ठिगळाचीच होती. त्यांनी हाताने ती माशीसारखी झटकली. त्याच्या पुढचीही ठिगळाची. मग त्यांनी यंत्राकडे बघणंच सोडलं.

“मी जन्मभर दाढा भरल्या,” त्या म्हणाल्या. “दाढ भरली की पेशंटची जीभ चार दिवस ते भोक शोधत फिरते. मग एक दिवस विसरते. विसरली की समजायचं काम बरं झालं. तुमच्या दाढेला केवढं भोक पडलंय ते मी बघितलंय. ते एका बैठकीत भरणार नाही. मागे मी म्हणाले होते थोडं दुखेल. थोडं नाही, बरंच दुखेल. पण भरून झालं की मी ठिगळ दाखवत तुमच्या दारात येणार नाही. एवढंच सांगायचं होतं, बाकीचं सगळं भाषण ठिगळावर आहे, ते राहू दे. रात्री चूळ भरून झोपा.”

पाऊण तासाचं भाषण असं चहा निवायच्या आत संपलं. शेवटचा परिच्छेद वाचलाच गेला नाही, त्यामुळे दुकानाचं नावही आलं नाही आणि पत्ताही आला नाही. त्या रात्री सबंध देशाने चूळ भरली. पाणीखात्याने नंतर सांगितलं की टाक्यांची पातळी एकदम खाली गेली होती.

रफूवाला पायीच घरी गेला. येताना गाडी आली होती, जाताना कुणी विषय काढला नाही. जिन्यात त्याला आपापल्या खुर्च्या घेऊन उतरणारी इमारत भेटली. सगळे पायऱ्या बघून उतरत होते. मेव्हणा तेवढा थांबला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की भावोजी, सकाळी जरा लवकरच या, स्टूल पुसून ठेवतो.

घरात बायको बंद टीव्हीसमोर बसली होती.

“अगं,” तो म्हणाला.

“माझं ठिगळ कुठंय?”

त्याने खिशातून पडद्याचा चौकोन काढला. तिने तो घेतला, मांडीवर ठेवून हाताने सपाट केला. फक्त कोपरा म्हणाला होतास, असं तिने म्हणावं याची तो वाट बघत होता. तिने उलट त्याला कोट काढायला सांगितला. त्याचा स्वतःचा, एकुलता एक, धडधाकट कोट. तिने कोपराला कच्चकन भोक पाडलं, त्यावर तो चौकोन ठेवला आणि एक लांब, दोन आखूड, एक भलतीकडे अशी शिवायला बसली. तो समोर उभा राहून बघत होता आणि त्याची बोटं आपोआप हलत होती.

“हे दिसलं पाहिजे,” ती दोरा दाताने तोडत म्हणाली. “रोज.”

सकाळी तो तोच कोट घालून दुकानाची पाटी उतरवायला गेला. दारात न्हावी उभा होता, गाल सुजलेला, हातात कोट. त्याच्यामागे बँकेचे साहेब. त्यांच्यामागे पार कोपऱ्यापर्यंत माणसं. टीव्हीवर पत्ता आला नसला तरी चेहरा आला होता, आणि न्हाव्याने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून ठेवलं होतं की तो आपलाच माणूस.

रफूवाल्याने न्हाव्याचा कोट उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं की भोक कुठे आहे. न्हावी म्हणाला, भोक नाही, हा ठेवणीतला कोट आहे. बाईसाहेबांच्या कोपरावर जे करून दिलंत ते यावर करून द्या. रफूवाल्याने त्याला समजावलं की बाबा, फाटलेलंच नाही तर रफू कशाचं करू.

“त्यांच्या तरी कोटावर कुठे काही दिसत होतं?” न्हावी म्हणाला. मागून बँकेच्या साहेबांनी मान डोलावली.

नुसता कोट दिवसभर टांगून संध्याकाळी परत द्यायचा, असं एखाद्याने केलं असतं. पण त्याचा हात तसल्या कामाला धजेना. न केलेलं काम दिसत नाही आणि केलेलंही दिसत नाही, हे खरं, पण त्या दोन्हींत फरक आहे हे त्याला तरी माहीत होतं. त्याने सगळ्यांना परत पाठवायला तोंड उघडलं. तेवढ्यात कुणीतरी रांगेच्या कडेने वाट काढत आत आलं. बायको होती. ती डबा घेऊन आली नव्हती, कात्री घेऊन आली होती.

तिने न्हाव्याच्या कोटाच्या बाहीत बोटं घातली. “कुठे पाडू?” तिने विचारलं. न्हाव्याने कोपर दाखवलं. कच्चकन भोक पडलं. रांगेतून समाधानाचा हुंकार आला. मागचे लोक कोट अंगातून काढायला लागले.

पुढचे कित्येक दिवस हेच चाललं. ती भोकं पाडायची, तो भरायचा. तिचा हात दिवसेंदिवस बसत गेला आणि लोक तिच्याकडून खास मागून घेऊ लागले, मला जरा तिरकं पाडा, मला बँकेच्या साहेबांसारखं. धागा विकणाऱ्याने दुकान पुन्हा उघडलं. कात्रीला धार लावणारा गल्लीत फिरायला लागला. गर्दीसाठी चहावाला आला, आणि चहावाल्याकडे पैसे आल्यावर त्याने न्हाव्याकडे जाऊन उरलेले अर्धे केस कापून घेतले. रेडिओवर आधीचे राष्ट्रप्रमुख बोलले. ते म्हणाले की मागणी वाढलेली दिसते, पण ती का वाढली ते आलेखात बसत नाही, त्यामुळे ती वाढलेली नाही.

एका दुपारी रांगेत मेव्हणा आला. टोपी हातात नव्हती, पण कोट होता, उंची, अस्तराला रेशीम. स्टुलाबद्दल तो काही बोलला नाही आणि रफूवाल्यानेही विचारलं नाही. बायकोने भावाचा कोट टेबलावर पसरला आणि कात्री उचलली.

“दादा, कुठे पाडू?”

मेव्हण्याने बराच विचार केला. “जिथे कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी,” तो म्हणाला.

“तो यांचा भाग,” ती म्हणाली. “माझं दिसतं.” आणि तिने थेट छातीवर भोक पाडलं.

मग तिने मजुरीच्या बदल्यात भावाकडे एक कुलूप मागितलं. मोठं नको, छोट्या पेटीला बसेल असं. मेव्हण्याने कशाला म्हणून विचारलं, तर तिने नवऱ्याच्या कोपराकडे बोट दाखवलं. पडद्याच्या ठिगळाचा एक कोपरा, त्या भलतीकडच्या टाक्याजवळचा, जरासा सरळ झाला होता. फार नाही, अगदी एक टाका. रफूवाला पायातल्या चपलेकडे बघत होता.

त्या दिवसापासून संध्याकाळी दुकान बंद झालं की सुयांची पेटी कुलपात जाते आणि किल्ली बायकोच्या गळ्यातल्या दोऱ्यात. रफूवाला जेवायला बसतो तेव्हा ताटाशेजारी कोपर टेकतो आणि ठिगळ वर येतं. त्याची नजर तिकडे जाते, परत येते. बायको त्याला वाढते. रस्त्यात लोक थांबवून विचारतात की एवढे मोठे कारागीर तुम्ही, आणि हे असलं ठिगळ कोणी लावलं. तो कोपर जरा पुढे करतो आणि सांगतो, घरचं काम आहे.